बंपर कमी वाकला म्हणजे इजा कमी होते का? प्रकल्पासाठी मार्गदर्शन हवे आहे

नेरूळ_मेकॅनिकल (प्रश्न)

नमस्कार. मी नेरूळला राहते आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्पासाठी ‘धडकेतील इजा कमी करणारा पुढचा बंपर’ हा विषय घेतला आहे. साधारण १२०० किलो वजनाच्या हॅचबॅक गाडीचा बंपर बीम, म्हणजे बंपरच्या आतली आडवी पट्टी, आम्ही संगणकावर तयार केला असून तो कठीण भिंतीवर आदळवून त्यातील ताण आणि त्याचे वाकणे मोजत आहोत. कॉलेजच्या ग्रंथालयातले जुने प्रकल्प अहवाल चाळले, तर बहुतेकांचा निष्कर्ष एकाच धर्तीचा दिसतो: साहित्य बदलले, जाडी वाढवली, वाकणे अमुक टक्क्यांनी कमी झाले, म्हणून बंपर अधिक सुरक्षित झाला.

माझे मन या ‘म्हणून’पाशी अडते. बंपर कमी वाकला तर गाडीचे नुकसान कमी होईल, हे पटते; पण इजा नेमकी कोणाची कमी होते, गाडीत बसलेल्यांची की गाडीसमोर आलेल्याची? केंद्र सरकारच्या २०२२ च्या रस्ते अपघात अहवालात देशभरातील मृत्यूंचा आकडा १,६८,४९१ दिला आहे. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते आणि सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे. पाम बीच रस्त्यावर संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्यांकडे पाहताना हे आकडे डोक्यातून जात नाहीत. बंपर सर्वात आधी ज्याला लागतो, तो माणूस आमच्या गणितात कुठेच नाही, असे मला वाटते.

तेव्हा जाणकारांना विचारते: इजा कमी करायची असेल तर बंपरमध्ये नेमके काय मोजावे, आणि मजबुती व मऊपणा या दोन परस्परविरुद्ध मागण्या प्रत्यक्षात कशा सांभाळल्या जातात?

रबाळे_साचेकाम

मी रबाळे एमआयडीसीत प्लास्टिकच्या मोठ्या भागांचे साचे करणाऱ्या कारखान्यात डिझाइन पाहतो आणि त्याआधी बरीच वर्षे पुण्याकडे गाड्यांच्या पुढच्या भागावरच काम केले आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण विषय तसा आहे.

आधी रचना डोळ्यांसमोर आणा. बाहेरून दिसते ती पॉलिप्रॉपिलीनची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची कातडी. तिचे काम हवेला वाट देणे, दिवे आणि जाळी धरून ठेवणे आणि चांगले दिसणे एवढेच. तिच्यामागे फोमचा पट्टा असतो, बहुधा ईपीपी म्हणजे फुलवलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या दाण्यांचा. फोमच्या मागे बीम, म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादाची किंवा अॅल्युमिनियमची आडवी पट्टी. बीमच्या दोन्ही टोकांना क्रॅश बॉक्स, म्हणजे धडकेत दबून ऊर्जा खाणारे डबे, आणि त्यामागे चासीचे दोन लांब बाहू. आपण मोजता आहात तो फक्त बीम. जिवंत माणसाशी संबंध येतो तो मुख्यतः बीमच्या पुढे जे काही आहे त्याचा, आणि त्याहूनही अधिक, पुढे किती जागा आहे याचा.

बंपरकडून तीन निरनिराळ्या अपेक्षा असतात आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या वेळी कायद्यात आल्या. पहिली अपेक्षा खर्चाची. अमेरिकेने १९७३ च्या मॉडेलपासून पुढच्या बंपरसाठी ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाच्या धडकेची अट घातली आणि १९८२ मध्ये ती अर्ध्यावर आणली. युरोपातील बंपरच्या नियमात हा वेग ताशी ४ किलोमीटर आहे. दोन्हींचा हेतू दिवे, बोनेट, रेडिएटर वाचवण्याचा; माणसाच्या पायाचा विचार त्यांत नव्हता. त्या काळातील अमेरिकी गाड्यांचे पुढे आलेले अवजड लोखंडी बंपर हे त्याच नियमाचे फळ. दुसरी अपेक्षा गाडीतल्या प्रवाशांची आणि तिसरी पादचाऱ्याची. तिसरीचा जागतिक नियम, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला नवव्या क्रमांकाचा जागतिक तांत्रिक नियम, थेट २००८ मध्ये आला. त्याच धर्तीचा आपला एआयएस-१०० हा वाहनांचा भारतीय नियम नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला.

आता आपल्याच १२०० किलोच्या गाडीचे गणित करू. ताशी ४ किलोमीटरने ती भिंतीला टेकली तर गतिज ऊर्जा सुमारे ७४० जूल. पादचारी चाचणीतला जुन्या पद्धतीचा कृत्रिम पाय १३.४ किलोचा असतो आणि तो ताशी ४० किलोमीटरने बंपरवर फेकला जातो. त्याची ऊर्जा सुमारे ८३० जूल. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि विद्यार्थी इथेच फसतात. भिंतीच्या बाबतीत हे ७४० जूल अडीच सेंटीमीटरमध्ये, ३० किलोन्यूटनच्या आसपास बल लावून संपवले तरी चालते. उलट गाडीच्या बाजूने पाहता जितक्या कमी अंतरात संपेल तितके दिवे आणि रेडिएटर सुरक्षित. पायाच्या बाबतीत तसे केले तर नडगीचा चुरा होईल. ऊर्जा तीच, पण एकीकडे अंतर वाचवायचे असते आणि दुसरीकडे अंतर खर्च करायचे असते.

किती अंतर, तेही काढता येते. नियमात नडगीच्या वरच्या भागाचा प्रवेग १७० जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या १७० पटींपेक्षा, कमी राहावा अशी अट आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. पाय पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकसारख्या १७० जीने थांबवता आला, तर लागणारे अंतर सुमारे ३७ मिलिमीटर येते. हा आदर्श झाला. फोम स्प्रिंगसारखा सरळ रेषेत कडक होत गेला तर अंतर बरोबर दुप्पट, ७४ मिलिमीटर. शिवाय फोम शंभर टक्के दाबला जात नाही. तीन चतुर्थांशाच्या आसपास दाबला गेला की तो दगडासारखा होतो. म्हणजे आदर्श फोमलाही बीमच्या पुढे ५० मिलिमीटर हवेत आणि साध्या स्प्रिंगसारख्या फोमला १००. प्रत्यक्षातला पाय फक्त थांबत नाही, तो फिरतो आणि बोनेटकडे झुकतो, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण नवी गाडी आखताना स्टायलिंगवाल्यांशी भांडण होते ते याच काही सेंटीमीटरांवरून. पुढचा भाग आखूड हवा, पार्किंगमध्ये मावायला हवा, आणि मधल्या मध्ये ही जागा कापली जाते.

प्रवेगापेक्षाही मोठा प्रश्न गुडघ्याचा आहे. बीम साधारण गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर येतो. पाऊल जमिनीवर टेकलेले, मांडी शरीराच्या वजनाने मागे राहिलेली आणि मध्ये बंपरचा धक्का. गुडघा आडव्या दिशेने मोडतो. जुन्या चाचणीत हे वाकणे १९ अंशांपर्यंत आणि सरकणे ६ मिलिमीटरपर्यंत चालते. नंतर जपानमध्ये विकसित झालेला लवचिक कृत्रिम पाय आला, ज्यात हाडही वाकते आणि लिगामेंटच्या, म्हणजे हाडांना सांध्यात बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, जागी ताणल्या जाणाऱ्या तारा असतात. त्याच्या मर्यादा अशा: नडगीवरचा वाकवणारा आघूर्ण ३४० न्यूटन-मीटर, गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटचे ताणणे २२ मिलिमीटर आणि सांध्यातल्या आडव्या-तिरक्या लिगामेंटचे १३ मिलिमीटर.

यावरचा उपाय पाहून माझा या विषयावर जीव जडला, असे म्हणायला हरकत नाही. वर फोम मऊ केल्याने भागत नाही. खाली, रेडिएटरच्या तळाशी, रस्त्यापासून थोड्याच उंचीवर एक दुसरी आडवी पट्टी द्यावी लागते. तिला आम्ही लोअर स्टिफनर म्हणतो. ती नडगीला खालून त्याच वेळी पुढे ढकलते, त्यामुळे मांडी आणि नडगी एका रेषेत राहतात आणि पाय गुडघ्यात मोडण्याऐवजी अख्खा उचलला जातो. म्हणजे इजा कमी करण्यासाठी तिथे काहीतरी कमी करायचे नसून जोडायचे असते. तिचा कडकपणाही मोजून ठरवावा लागतो: फार मऊ असेल तर उपयोग नाही, फार कडक असेल तर घोट्यावरचे हाड तुटते.

गाडीतल्या माणसांबद्दल थोडक्यात. ताशी ६४ किलोमीटरच्या चाचणीत आपल्या गाडीची ऊर्जा सुमारे १ लाख ९० हजार जूल असते. ती बंपर खात नाही. ती मुख्यतः चासीचे बाहू आणि त्यांच्या सोबतचा सांगाडा खातो. तिथे बीमचे काम एवढेच की धडक एका कोपऱ्यावर बसली तरी बल दुसऱ्या बाहूपर्यंतही पोहोचवावे आणि स्वतः मधून तुटू नये. त्यासाठी बीम मजबूत हवाच. म्हणूनच मजबुती आणि मऊपणा यांचा झगडा एका वस्तूत मिटवायचा नसतो. त्यांना एकामागे एक उभे करायचे असते. आधी फोम, मग बीम, मग क्रॅश बॉक्स, मग बाहू. प्रत्येक आपल्या मागच्यापेक्षा कमी बलाला शरण गेला पाहिजे. हा क्रम बिघडला की सगळे बिघडते.

अस्थिरुग्ण_ठाणे

मी ठाण्यात हाडांचा डॉक्टर आहे. वरचे उत्तर वाचल्यावर रुग्णाच्या बाजूने काही सांगणे गरजेचे वाटले, कारण अंश आणि मिलिमीटर यांच्यामागे काय असते हे अभियंत्यांच्या समोर क्वचितच येते.

नडगीच्या हाडाचे वरचे टोक म्हणजे गुडघ्याचा तळ. गाडी बाजूने लागली की मांडीचे हाड या तळाच्या बाहेरच्या अर्ध्यावर घणासारखे बसते आणि तो भाग दबून फुटतो. या फ्रॅक्चरला आमच्या पुस्तकांत जुन्या काळापासून ‘बंपर फ्रॅक्चर’ असेच नाव आहे. प्लेट आणि स्क्रू घालून आम्ही पृष्ठभाग पुन्हा सपाट करतो. परंतु कूर्चेला झालेली हानी पूर्ण भरून येत नाही आणि पुढे काही वर्षांनी अनेकांना त्या गुडघ्याचा संधिवात गाठतो. जमिनीवर मांडी घालून बसणारा, उकिडवा बसून काम करणारा आपला माणूस यातून किती गमावतो, ते कोणत्याही तक्त्यात येत नाही. तुटलेले लिगामेंट वेगळे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी मज्जातंतू ताणली गेली तर पाऊल उचलता येत नाही, आणि गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी फाटली तर पाय वाचवण्यासाठी हातात मोजके तास असतात.

त्या तुलनेत नडगीचे मधले हाड तुटणे सोपे वाटते, पण तिथे हाडावर पुढून जवळजवळ नुसती कातडी असते. हाड बाहेर येते, जखमेत रस्त्यावरची माती जाते, जंतुसंसर्ग होतो आणि एका शस्त्रक्रियेच्या जागी चार होतात. घरातला कमावता माणूस असेल तर हे सगळे त्या घरावर कोसळते.

म्हणून मला या चर्चेत एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. पादचाऱ्याचा जीव बहुधा डोक्याच्या इजेमुळे जातो आणि ती इजा बोनेट, काच किंवा रस्ता यांमुळे होते, हे खरे आहे. त्यावरून काही जण बंपरला दुय्यम ठरवतात. ते मला मान्य नाही. जे वाचतात त्यांचे पुढचे आयुष्य बऱ्याचदा पाय ठरवतो. शिवाय शरीर कसे फिरेल आणि डोके कुठे, किती जोराने आदळेल, हेही बंपरच्या पहिल्या धक्क्यावर अवलंबून असते.

लहान मुलांचा विचार तुमच्या प्रकल्पात अवश्य असावा. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारा बंपर पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीला किंवा कमरेला लागतो, बोनेटची कड छातीला, आणि त्यानंतर फेकले गेल्यावर डोके जमिनीला. मांडी, धड आणि डोके अशी तिहेरी इजा मुलांमध्ये एकत्र शोधावी, असे आम्हाला शिकवले जाते. उंच आणि सपाट तोंडाच्या गाड्यांमध्ये मोठ्या माणसाचीही गत मुलासारखी होते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बोनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांनी पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ठेंगण्या आणि उतरत्या बोनेटच्या गाड्यांच्या मानाने सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली.

पाटलीपाडा_रहिवासी

डॉक्टरसाहेबांचा आणि साचेकामवाल्या दादांचा पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी रोज घोडबंदर रस्त्याने ये-जा करतो. कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात कधी रिक्षा, कधी टेम्पो, कधी पावसाळ्यातल्या कोंडीत मागून कोणाचा तरी धक्का, हे नित्याचे झाले आहे. आजचा बंपर बोटाने दाबला तरी आत जातो. क्लिपा तुटतात, रंग उडतो, आणि अख्खा बंपर बदलण्याचे बिल सामान्य माणसाने सोसावे असे नसते. अशा वेळी कोणी बंपरच्या पुढे लोखंडी गार्ड बसवून घेतला तर त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. गाडी ताशी दहा-पंधराच्या वर जातच नाही अशा रस्त्यावर पादचाऱ्याचा पाय वाचवण्यासाठी माझा बंपर इतका नाजूक असायलाच हवा का? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारतो आहे.

सर्व्हे_कळंबोली

मी मोटार विम्याचे सर्व्हे करतो. कळंबोली, तळोजा, पनवेल आणि कधी ठाणे असा माझा भाग आहे. पाटलीपाड्याच्या भाऊंचा त्रास खरा आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे.

दिवसा कोंडीत ताशी दहाने चालणारा तोच घोडबंदर रस्ता रात्री अकरानंतर मोकळा असतो. गार्ड दिवसाचा आणि रात्रीचा फरक करत नाही. त्याची नळी फोमच्या पुढे असते, म्हणजे साचेकामवाल्यांनी सांगितलेला क्रम उलटा होतो: सर्वात कडक वस्तू सर्वात पुढे येते. डॉक्टरांनी वर्णन केलेल्या गुडघ्याला मग पाच-सहा सेंटीमीटरचा फोम भेटत नाही, दीड-दोन इंच व्यासाची पोलादी नळी भेटते, आणि सगळे बल त्या अरुंद रेषेवर एकवटते.

आत बसलेल्यांसाठीही तो धोक्याचा आहे. गार्डचे ब्रॅकेट बहुधा थेट चासीच्या बाहूंच्या टोकांना बोल्टने जोडलेले असतात. क्रॅश बॉक्स दबण्याआधीच बल मागे जाते. एअरबॅग कधी उघडायची हे गाडीचा संगणक मंदावण्याच्या आलेखावरून ठरवतो, आणि तो आलेख कंपनीने गार्डशिवायच्या गाडीवर बसवलेला असतो. गार्ड लावल्यावर किरकोळ धडकेला एअरबॅग उघडू शकते किंवा मोठ्या धडकेत तिची वेळ चुकू शकते. याच कारणांमुळे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्यातील, गाडीत फेरफार करण्याविषयीच्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. विमा कंपनीही परवानगीविना केलेल्या फेरफारावर आक्षेप घेऊ शकते. दाव्याच्या वेळी हा वाद नको असेल तर गार्ड नकोच.

कोंडीतल्या ओरखड्यांसाठी कोपऱ्यांवर चिकटवायच्या मऊ रबरी पट्ट्या मिळतात. त्या जाड नसतात, बोल्टने बसत नाहीत, आणि रंग वाचवतात. पार्किंग सेन्सर हा दुसरा उपाय. रंग आणि क्लिपा यांचे नुकसान हे पैशाचे नुकसान आहे. त्यासाठी विम्यात शून्य घसाऱ्याची पुरवणी घेता येते.

पण मला या चर्चेत गार्डपेक्षाही मोठी वाटणारी गोष्ट अजून कोणी काढलेली नाही, आणि ती आहे दुरुस्तीची. एकदा ठोकलेल्या गाडीचा बंपर बदलला जातो तेव्हा बाहेरची कातडी नवी येते, रंग जुळतो, गाडी चकाचक दिसते. आतला फोम मात्र तुटलेला असला तरी कित्येकदा तसाच राहतो किंवा काढूनच टाकलेला असतो, कारण तो ग्राहकाला दिसत नाही. खालचा स्टिफनर तर पहिल्याच उंच गतिरोधकावर किंवा पार्किंगच्या कठड्यावर घासून तुटतो आणि परत कोणी मागवतही नाही. बाजारातल्या स्वस्त बंपरबरोबर बहुधा फक्त कातडी येते. मी एस्टिमेट तपासताना या दोन भागांची ओळ स्वतंत्रपणे शोधतो आणि नसेल तर विचारतो. पण प्रत्येक गाडी विम्यातून दुरुस्त होत नाही. ज्या गाडीने कारखान्यातून बाहेर पडताना एआयएस-१०० ची परीक्षा पार केली, तीच गाडी दुसऱ्या दुरुस्तीनंतर पादचाऱ्यासाठी जुन्या काळात गेलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. बंपर उतरवला असेल त्या वेळी गॅरेजमध्ये स्वतः उभे राहून आतला फोम पाहा. बंपर बसलेला असेल तर मोबाइलचा दिवा खालच्या जाळीतून आत टाका. बीमच्या पुढे काळा किंवा करडा फोमचा पट्टा दिसायला हवा. बिलात ‘अॅब्सॉर्बर’ हा शब्द, म्हणजे याच फोमची नोंद, आहे का ते बघा. नव्या गाड्यांमध्ये रडार बंपरमागे असते, तिथे जाड पुट्टी आणि रंगाचे थर चढवले तर ते नीट काम करत नाही, हेही रंगारी दादांना सांगा.

रबाळे_साचेकाम

पाटलीपाडाकरांच्या ‘नाजूक’ या आक्षेपाबद्दल एवढेच: बोटाने दाबल्यावर आत जाते ती कातडी, आणि ती आत जायलाच हवी. बीम तिच्या मागे भक्कम उभा असतो. बिल मोठे येण्याचे कारण मऊपणा नसून कातडीतच दिवे, सेन्सर आणि जाळ्या गुंफण्याची पद्धत हे आहे. हलक्या धक्क्यात काही न फुटणारा आणि पायालाही मऊ असा बंपर करता येतो, फक्त त्याला पुढे थोडी जास्त लांबी द्यावी लागते. ती लांबी देण्यासाठी ग्राहकाने आणि नियमाने कंपनीवर दबाव आणला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाड्यांची चाचणी करून त्यांना सुरक्षेचे तारे देणारे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले, त्यात तीन किंवा अधिक ताऱ्यांसाठी पादचारी संरक्षणाची पूर्तता ही अट आहे. पण गाडीचे गुण ठरतात ते आतल्या माणसांवरून. पादचाऱ्याच्या संरक्षणाला स्वतंत्र गुण मिळायला हवेत, म्हणजे कोणती गाडी जेमतेम पास झाली आणि कोणती उत्तम, हे घेणाऱ्याला कळेल.

नेरूळ_मेकॅनिकल

सर्वांचे मनापासून आभार. गटाशी बोलून आम्ही प्रकल्पाची मांडणी अशी बदलत आहोत. बीमचे वाकणे कमी करणे हे उद्दिष्ट न ठेवता ती केवळ एक अट ठेवू: ताशी ४ किलोमीटरच्या धडकेत बीमला कायमचा पोचा येऊ नये. उद्दिष्ट पायाचे राहील. फोमची जाडी, फोमची घनता आणि खालच्या स्टिफनरचे पुढे-मागे असलेले स्थान, या तीन गोष्टी आम्ही बदलत जाऊ आणि गुडघ्याचे वाकणे व नडगीचा प्रवेग मोजू. सर्व्हेअर काकांनी सांगितलेली स्थिती, म्हणजे फोम नसलेली आणि स्टिफनर तुटलेली गाडी, हीदेखील आम्ही वेगळी चालवून पाहणार आहोत, कारण रस्त्यावर तीही आहे. पाटलीपाड्याच्या काकांसाठी तीच धडक ताशी १५ किलोमीटरलाही करून पाहू.

दोन अडचणी उरतात. लवचिक पायाचे प्रमाणित मॉडेल आमच्या कॉलेजकडे नाही. मांडी आणि नडगी असे दोन कठीण दंड आणि मध्ये वाकणारा सांधा, इतका साधा पाय स्वतः बनवला तर चालेल का? आणि फोमची घनता कोठून सुरू करावी?

रबाळे_साचेकाम

चालेल. जुनी चाचणीही मुळात अशाच पायाची होती: दोन कठीण भाग, बाहेरून फोमचे आवरण आणि गुडघ्याच्या जागी वाकणारी धातूची पट्टी. एकूण वजन १३.४ किलो ठेवा आणि पाय उभा, मोकळा, ताशी ४० किलोमीटरने बंपरकडे येऊ द्या. जमिनीला बांधू नका. अहवालात मात्र हा साधा पाय आहे आणि निष्कर्ष तुलनेपुरतेच आहेत, हे स्पष्ट लिहा.

घनतेसाठी लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास सुरुवात करा आणि ६० पर्यंत जा. फार हलका फोम तळाला लागून बीमवर आपटेल, फार जड फोम पहिल्याच क्षणी मर्यादा ओलांडेल. मधली जागा आपोआप दिसेल. त्यात तापमानही घाला. चाचणी २० अंशांच्या आसपास होते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा बंपर, त्यामागे तापलेला रेडिएटर, असे असताना ईपीपी बराच मऊ पडतो. २० आणि ६० अंशांचे दाब-आलेख मिळवून दोन्ही चालवा. २० अंशांना काठावर पास होणारी जाडी उन्हाळ्यात तळाला लागते का, ते तुम्हाला तिथे कळेल.

धडक गाडीच्या फक्त मध्यावर देऊ नका. क्रॅश बॉक्सच्या समोर, जिथे बीम मागून पक्का टेकलेला असतो, आणि कोपऱ्याकडे, जिथे बंपर वळतो आणि फोम पातळ होतो, अशाही धडका द्या. आकडे वाईट येतात ते सहसा तिथेच. आणि बंपरचा खालचा काठ जमिनीपासून किती उंच धरला आहे ते आधी लिहून ठेवा. बंपरची खालची उंची ४२५ मिलिमीटरच्या आत असेल तर पायाचीच चाचणी लागू होते. ४२५ ते ५०० मध्ये निवड कंपनीची असते. ५०० च्या वर गेलात तर नियम पायाऐवजी मांडीचा वेगळा ठोकळा मागतो, आणि मग वरचे बरेचसे गणित पुन्हा मांडावे लागेल. हॅचबॅक असल्याने आपण बहुधा पहिल्याच गटात असाल. पहिले आलेख आले की इथे टाका. गुडघ्याच्या वाकण्याचा आलेख वेळेनुसार काढा, नुसता सर्वोच्च आकडा नको, कारण स्टिफनर उशिरा लागतो आहे की वेळेवर, हे त्या वळणावरूनच ओळखता येते.